‘दूध संपलं’ हे इंग्रजीत ‘रन आउट ऑफ’ वापरून कसं म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की ‘रन आउट ऑफ’ म्हणजे ‘संपणे’ हा अर्थ पाठ आहे, पण बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही आणि तोंडातून ‘मिल्क इज फिनिश्ड’च निघतं. मी नागपुरात संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते आणि ही अडचण जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येते. अर्थ सगळ्यांना येतो, अडतं ते वाक्य कुठून सुरू करायचं इथे.

मराठीत संपते ती वस्तू. ‘दूध संपलं’, आपल्या वैदर्भीय बोलीत ‘दूध सरलं’. या वाक्यात माणूस लागतच नाही, लागलाच तर ‘आमचं’ एवढ्यापुरता. इंग्रजीत मात्र ज्याच्याकडची वस्तू संपली तो आधी येतो: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.’ म्हणून वर्गात मी पहिल्या दिवशी एकच सवय लावायला सांगते. ‘दूध’ हा शब्द ओठांवर आला की थांबा, कोणाचं संपलं ते आधी म्हणा. आपलं असेल तर ‘वी’, माझं असेल तर ‘आय’, शेजारच्या काकूंचं असेल तर ‘शी’. दूध शेवटी येऊ द्या.

कर्ता माणूसच असायला हवा असं मात्र नाही. मे महिन्यातली दुपार घ्या. कूलर चालू आहे, पण मघापर्यंत गार लागणारी हवा एकाएकी कोरडी, गरम यायला लागते. वाळ्याच्या ताट्या वरून सुकल्यात, पंपाचा आवाज बदललाय. म्हणजे टाकीतलं पाणी सरलं. इथे ‘द कूलर हॅज रन आउट ऑफ वॉटर’ हे अगदी सरळ वाक्य आहे. गाडी, प्रिंटर, दुकान, ज्यात काही भरलेलं असतं आणि वापरून सरतं, ते सगळं कर्त्याच्या जागी चालतं. ‘द प्रिंटर हॅज रन आउट ऑफ पेपर.’ वर्धा रोडवर गाडी बंद पडली तर ‘द स्कूटर हॅज रन आउट ऑफ पेट्रोल’.

आता ‘हॅव रन’ की ‘रॅन’? मराठीत ‘संपली’ हे एकच रूप दोन्हीकडे चालतं, त्यामुळे आपला गोंधळ होणं साहजिक आहे. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर तुम्ही विचारता, ‘दादा, तर्री आहे का?’ तो म्हणतो, ‘सरली.’ म्हणजे आत्ता नाही, म्हणून तुम्हाला कोरडे पोहे घ्यावे लागणार. इथे ‘वी हॅव रन आउट ऑफ तर्री’. तोच जर म्हणाला, ‘काल तर 9 वाजताच सरली होती,’ तर वेळ सांगितली गेली, गोष्ट कालची झाली: ‘यस्टरडे वी रॅन आउट ॲट नाइन.’ ‘काल’, ‘मागच्या आठवड्यात’, ‘सकाळी 9 वाजता’ असं काही वाक्यात आलं की ‘रॅन’. परिणाम आत्ता समोर असेल आणि वेळ सांगितलेली नसेल तर ‘हॅव रन’ किंवा ‘हॅज रन’. अमेरिकन बोलण्यात ‘हॅव रन’च्या जागीही ‘रॅन’ ऐकू येतं, पण शिकताना हा फरक धरून चला.

‘यस्टरडे वी रॅन आउट ॲट नाइन’मध्ये ‘ऑफ’ गळलाय, हे बघितलंत? कशाबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला आधीच माहीत असेल तर वस्तूचं नाव सोडून देता येतं, आणि नाव गेलं की ‘ऑफ’ही जातो. वस्तूला कर्ता केलं तरी ‘ऑफ’ नको: ‘द मिल्क हॅज रन आउट.’ म्हणजे मराठीसारखी रचना इंग्रजीत आहे, फक्त तिथे ‘इज’ नाही, ‘हॅज’ आहे. वेळ, धीर, पैसे यांच्याबाबत ही रचना पुष्कळ वापरतात. ‘टाइम इज रनिंग आउट’ म्हणजे वेळ संपत चाललाय. पासपोर्टची किंवा रिचार्जची मुदत संपते तेव्हाही हेच: ‘माय रिचार्ज रन्स आउट टुमॉरो.’

‘शुगर इज ओव्हर’ आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि आपल्याला ते कळतंही. बाहेरचा माणूस मात्र अडखळतो, कारण त्याच्या कानाला ‘ओव्हर’ होते ती मॅच, मीटिंग, सुट्टी. एखादा प्रसंग संपला तर ‘ओव्हर’, साठा संपला तर ‘रन आउट’. तुम्ही परदेशातल्या ग्राहकांशी फोनवर बोलणार असाल तर ही सवय बदलाच.

आणखी एक अट आहे. जे आधी होतं आणि वापरून संपलं, त्यालाच हे लागू होतं. माझ्याकडे मुळात कार नाही, तर ‘रन आउट ऑफ कार’ होत नाही, तिथे साधं ‘आय डोन्ट हॅव अ कार’. छत्री हरवली तरी नाही. वीज गेली तर ‘द पॉवर हॅज गॉन आउट’, पण तासभराने इन्व्हर्टर बसला तर ‘द बॅटरी हॅज रन आउट’ म्हणा. लग्नाच्या पंगतीत ताटं पुरली नाहीत तर ‘दे रॅन आउट ऑफ प्लेट्स’ चालतं, कारण साठा होता आणि तो सरला. मोजता येणारी वस्तू असेल तर अनेकवचन घ्या, आणि आकडा घालू नका. ‘रन आउट ऑफ एग्ज’ बरोबर, ‘रन आउट ऑफ 2 एग्ज’ नाही.

जवळच्या तीन रचना शिकून घ्या, कारण घरात साखर संपली एवढ्यावर बोलणं थांबत नाही. डब्याच्या तळाशी थोडी उरली आहे, संपत आलीय: ‘वी आर रनिंग लो ऑन शुगर.’ पाहुणे आलेत आणि साखरेवाचून भागवावं लागणार: ‘वी विल हॅव टू डू विदाउट शुगर.’ साखर नाही पण गूळ आहे, गुळावर भागवू: ‘वी विल मेक डू विथ जॅगरी.’ ‘वाचून भागवणं’ आणि ‘वर भागवणं’ हा फरक आपल्या बोलण्यात आधीपासून आहे, म्हणून या दोन रचना आमच्या वर्गात सगळ्यात लवकर बसतात.

उच्चाराचं थोडक्यात सांगते. ‘आउट’ आणि ‘ऑफ’ वेगवेगळे तोडू नका. ‘ऑफ’मधला शेवटचा आवाज ‘व्ह’ आहे, आणि बोलताना ते ‘आउटव्ह’ असं एका दमात येतं. ‘वी हॅव’चंही ‘वीव्ह’ होतं. ‘वीव्ह रन आउटव्ह मिल्क’ असं पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणा, मग मिल्कच्या जागी आज घरात खरंच जे संपलंय ते टाका: कोथिंबीर, गॅस, माठातलं पाणी, काहीही.