मेंटरिंगचं प्रशिक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या विद्यापीठाने प्राध्यापकांसाठी समावेशक मेंटरिंगची, म्हणजे वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना सामावून घेत मार्गदर्शन कसं करावं याची, दिवसभराची कार्यशाळा घेतली. व्याख्यानं उत्तम झाली, पण दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. कुठे चुकलं?

उत्तर : एका दिवसात माहिती मिळते, सवय मोडत नाही. तेच आठ तास दोन-दोन तासांच्या चार बैठकांत वाटा, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. गट दहा-बारा जणांचा, चालवायला दोघं. अर्ध्या पानाचा प्रसंग वाचायचा, दहा मिनिटं जोडीने बोलायचं, मग सगळ्यांत. उठताना प्रत्येकाने स्वतःच्या विद्यार्थ्यासोबत करायची एक गोष्ट लिहायची. पुढच्या बैठकीची सुरुवात तिचं काय झालं यानेच. नेमका हाच भाग वेळेअभावी गाळला जातो.

अमेरिकेत १६ केंद्रांवर मेंटर आणि शिष्य अशा २८३ जोड्यांची एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१४मध्ये आले. आठ तासांचं असं प्रशिक्षण घेतलेले मेंटर इतरांपेक्षा सरस ठरले. त्यांचे शिष्य मात्र नवोदित संशोधक होते. पदवीच्या पहिल्या वर्षाला मेंटरकडे काय मागायचं असतं हेच ठाऊक नसतं, म्हणून एक अख्खी बैठक परस्पर अपेक्षांवर ठेवा.

‘कधीही ये’ हेच घ्या. जिच्या घरात आधी कोणीच विद्यापीठात गेलेलं नाही, अशा मुलीला ते नुसतं सौजन्य वाटतं आणि ती फिरकत नाही. मेंटर समजतो, हिचं बरं चाललंय. ‘मंगळवारी चारला ये, वीस मिनिटं बोलू, अडलेला एक प्रश्न लिहून आण’ म्हटलं की येते. हे सगळं एका पानावर दोघांनी मिळून लिहावं : किती दिवसांनी भेटायचं, ईमेलला उत्तर कधीपर्यंत, नोकरी किंवा घरच्या कामामुळे कोणत्या वेळा नकोत. आजार, अपंगत्व खोदून विचारू नये. ‘तुला सोयीचं व्हावं म्हणून मी काय बदलू?’ एवढं पुरे. दर सत्राला पान पुन्हा काढा.

विभागप्रमुख आणि नवे प्राध्यापक एका गटात घालू नका, नवे गप्प बसतात. गटात एखाद्या समाजाची एकच व्यक्ती असेल तर तिला त्या समाजाची प्रवक्ती करू नये.

प्रश्न : ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहातले कर्मचारीही हवेत का?

उत्तर : हवेतच. अडचण बऱ्याचदा आधी त्यांच्याच कानावर येते. त्यांचे तास कामाच्या वेळेत धरा आणि कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे पाठवायचं याचा एक पानी तक्ता द्या. जीवाला धोका असेल तर गुप्ततेचं वचन पाळता येत नाही, हे विद्यार्थ्याला आधीच सांगायला शिकवा.

प्रश्न : कडक अभिप्राय दिला की काही विद्यार्थी खचतात. गोड बोलावं का?

उत्तर : नुसत्या स्तुतीने भागत नाही. १९९९च्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर टीकेसोबतच्या दोन गोष्टींचा चांगला परिणाम दिसला : निकष उंच आहेत हे सांगणं, आणि तू तिथवर पोचशील असा भरवसा. ‘दुसरा परिच्छेद पुरावा देत नाही. माझी अपेक्षा वरची आहे आणि हा मसुदा पाहता तू ती गाठशील. शुक्रवारपर्यंत तेवढाच परिच्छेद पुन्हा लिही.’ दोष नेमका दाखवलेला नसेल तर भरवसा पोकळ वाटतो.

प्रश्न : परिणाम कसा मोजायचा?

उत्तर : मेंटरांना विचारून नाही, स्वतःला गुण देताना सगळेच उदार असतात. विद्यार्थ्यांकडून निनावी प्रश्नावली घ्या. एखाद्या गटाची उत्तरं पाचपेक्षा कमी असतील तर ती वेगळी छापू नका, कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं.