नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने बी.कॉम. करावं की कॉलेजलाच जावं?

तुम्ही विचारलंय की बारावी झाली, ऐरोलीत नोकरी मिळतेय, तर बी.कॉम. दूरशिक्षणाने करू की नोकरी सोडून कॉलेजला जाऊ. आणि खाली लिहिलंय, "त्या डिग्रीला किंमत असते का?" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

किंमत असते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी स्पष्ट केलंय. आमच्या घरात मात्र काही जणांना ते अजून मान्य नाही.

मी २०११ साली प्रवेश घेतला. मुलगी चार वर्षांची होती, घर कळव्याला आणि नोकरी रबाळे एमआयडीसीत, प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात चलनं लिहायची. संध्याकाळी घरी पोचायला साडेसात व्हायचे. भांडीकुंडी आवरून, मुलीला झोपवून साडेदहाला पुस्तक उघडायचे. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असायचं. पहिल्या तीन रविवारी गेले, त्यातल्या दोनदा सर आलेच नाहीत. शिपाई म्हणाला, "ताई, फोन करून येत जा." मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून, दोन गाड्या बदलून मी तिथे पोचले होते. केंद्राचं नाव लिहीत नाही, पण तो दिवस विसरले नाही.

शेवटच्या वर्षी कॉस्टिंग, म्हणजे माल बनवायचा खर्च काढायचा विषय, आला आणि त्यातल्या प्रोसेस कॉस्टिंगला, टप्प्याटप्प्याने खर्च काढण्याला, गाडी अडली. गणित असं: १००० किलो माल, एकूण खर्च १८,५०० रुपये, नॉर्मल लॉस (कामात होणारच अशी घट) १० टक्के, भंगाराचा भाव किलोला ५ रुपये, तयार माल निघाला ८५० किलो. म्हणजे १०० किलो घट धरलेलीच होती, वर ५० किलो जास्तीची गेली. मी त्या ५० किलोलाही भंगाराचाच भाव लावायचे, २५० रुपये. ताळा काही जमेना. पंधरा दिवस तेच गणित खोडून खोडून वहीचं पान फाटलं. वर्गात असते तर शेजारणीच्या वहीत डोकावून दोन मिनिटांत कळलं असतं. दूरशिक्षणाचा सगळ्यात मोठा तोटा मला विचाराल तर हाच. तुम्ही चुकताय हे बघायला कोणी नसतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत वही डब्याशेजारी उघडी होती. आमच्या स्टोअरचे मामा, शिक्षण आठवी, त्यांनी विचारलं काय अडलंय. मी सांगितलं. ते मला ग्राइंडरपाशी, भंगार दळायच्या मशीनपाशी, घेऊन गेले. तिथे दोन गोणी होत्या. एकीत रनर होते, साच्याच्या वाटेत अडकून उरणारे प्लास्टिकचे तुकडे. "हे साच्यातून रोज निघणारच, याचा खर्च चांगल्या मालावर बसतो." दुसरीत मशीन जास्त तापल्याने करपलेली झाकणं. त्यातलं एक माझ्या हातात देऊन म्हणाले, "याला चांगल्या झाकणाएवढाच दाणा लागला, तेवढीच वीज, तेवढाच माणूस. भंगारात पडलं म्हणून भंगाराच्या भावात धरायचं होय?"

त्या रात्री १८,५०० मधून नॉर्मल लॉसच्या भंगाराचे ५०० वजा केले, उरलेल्या १८,००० ला घट वजा जाता निघायला हव्या होत्या त्या ९०० किलोंनी भागलं. किलोला २० रुपये. ५० किलोचे १०००. त्यातले २५० भंगारातून परत येतील, ७५० नफा-तोटा खात्यात जातील. ताळा जमला. मी मुलीला उठवून सांगणार होते.

हा नोकरी करत शिकण्याचा फायदा. रात्री वाचलेलं सकाळी डोळ्यांसमोर असतं. आज मी महाप्यात एका कंपनीचे अकाउंट्स सांभाळते, आणि नवीन आलेल्या मुलांना, कॉलेजात शिकलेल्यांना, मीच स्टॉक बघायला खाली घेऊन जाते.

निकाल लागला त्या वर्षी गणपतीत पेढे वाटले. थोरल्या दिरांनी पेढा हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोस्टाने आलेली डिग्री, पण चांगलं आहे." सासूबाई बसल्या होत्या, मी गप्प राहिले. आता बोलते. दादा, मुंबई विद्यापीठ १९७१ पासून दूरशिक्षण देतंय, इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. इग्नू एका क्रेडिटला ३० तास अभ्यास धरतं. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. रोज रात्री दीड तास बसलं तर ८० रात्री, एका विषयाला. पोस्टाने पुस्तकं येतात, या रात्री येत नाहीत.

तुमच्यासाठी काही गोष्टी राहिल्या. इंजिनीअरिंग, मेडिकल दूरशिक्षणाने होत नाही. जाहिरातीवर जाऊ नका, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्था आणि तोच अभ्यासक्रम, दोन्ही आहेत का बघा. एकट्याने अभ्यास होत नसेल तर हा रस्ता धरू नका, अर्धवट सोडलेली माझ्या ओळखीतलीच चार जणं आहेत.

आणि हो, माझ्या मुलीला मी ठाण्यात नियमित कॉलेजलाच घातलंय. दादा लगेच म्हणाले, "शेवटी पटलं ना?" घर तिच्या पगारावर अवलंबून नाही, म्हणून तिला मैत्रिणी, ग्रंथालय, शंका विचारायला समोर मास्तर, हे सगळं मिळावं असं मला वाटलं. माझ्यापुढे कॉलेज हा पर्यायच नव्हता, दूरशिक्षण नसतं तर मी आजही चलनंच लिहीत असते. तुमचा पगार घरी लागतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागत नसेल तर कॉलेजला जा. लागत असेल तर खुशाल दूरशिक्षण घ्या, फक्त पैसे भरण्याआधी एका रविवारी न सांगता त्या अभ्यासकेंद्रावर जा आणि सर आलेत का ते बघून या.