हवेत असताना डब्ल्यू सोडा

या अंकात शूटर खेळांतल्या हालचालींविषयीच्या पत्रांना उत्तरं दिली आहेत. पत्रं सगळी इंदूरची आहेत. एकाच प्रकारच्या शंका अनेकांनी विचारल्या होत्या, त्या एकत्र केल्या.

प्रश्न : काउंटर-स्ट्राइक 2 मध्ये बनी हॉप शिकतोय. डब्ल्यू दाबून पळतो आणि एकामागून एक उड्या मारतो. व्हिडिओत खेळाडूंचा वेग उडीगणिक वाढतो, माझा मात्र तिसऱ्या उडीपर्यंत पार मरतो. स्पेसबार तर वेळेवर दाबतोय. मग चुकतंय कुठे?
— बारावीचा विद्यार्थी, राजेंद्र नगर

उत्तर : दोन चुका होतायत आणि पहिली डब्ल्यूची आहे. उडी घेतली की ती कळ सोडायची. हे सांगून पटत नाही, म्हणून कारणही देतो.

या खेळाची वंशावळ 1996 च्या क्वेक या शूटर खेळापर्यंत जाते. क्वेकच्या इंजिनावर 1998 चा हाफ-लाइफ बेतला, त्यावर 1999 मध्ये काउंटर-स्ट्राइक उभा राहिला, आणि हवेतल्या गतीचा हिशेब तिथूनच चालत आला. तू हवेत ज्या दिशेची कळ दाबतोस, त्या दिशेला तुझा आधीच किती वेग आहे एवढंच इंजिन बघतं. तो सेकंदाला 30 युनिटांच्या (युनिट म्हणजे खेळातलं अंतराचं माप) वर असेल तर काहीही मिळत नाही. कमी असेल तर जास्तीत जास्त 30 पर्यंत भर घालतं.

चाकू हातात घेऊन पळताना वेग 250 असतो. डब्ल्यू म्हणजे समोर, आणि समोर 250 आहेतच. डब्ल्यू आणि डी (उजवीकडे जाण्याची कळ) एकत्र धरलंस तर दिशा तिरपी होते. त्या दिशेलाही 177 च्या आसपास भरतात, म्हणून तिथेही हात रिकामाच. नुसतं डी दाबलंस तर मात्र ती दिशा तुझ्या धावेला काटकोनात येते. तिथे तुझा वेग शून्य, म्हणून पूर्ण 30 मिळतात. आता पायथागोरस लाव: 250 चा वर्ग अधिक 30 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 251.8. दिसायला किरकोळ, पण हा हिशेब सेकंदाला 64 वेळा होतो आणि एक उडी सुमारे पाऊण सेकंद टिकते. दर वेळी तुझी धाव थोडी उजवीकडे वळते. नजर तिथेच राहिली तर काटकोन मोडतो, म्हणून माउसही त्याच बाजूला, त्याच लयीत फिरायला हवा. यालाच एअर स्ट्रेफ म्हणतात. बनी हॉपमध्ये वेग येतो तो याच्यामुळे. उडी फक्त जमिनीच्या घर्षणापासून वाचवते.

दुसरी चूक जमिनीवर टेकण्याच्या क्षणाची. टेकल्यावर लगेच उडी लागली नाही की घर्षण सुरू होतं आणि एका टिकला, म्हणजे इंजिनाच्या दर हिशेबाला, सुमारे 8 टक्के वेग खातं. एक टिक हुकला की 250 चे 230, दोन हुकले की 211, तीन हुकले की 194. स्पेसबारचा एक दाब 1/64 सेकंदात बसवणं भरवशाचं नसतं. म्हणून जुने खेळाडू उडी माउसच्या चाकावर, खाली फिरवण्यावर घेतात. टेकायच्या जरा आधीपासून चाकाचे तीन-चार खटके दिले की त्यातला एक नेमका क्षणावर पडतो.

सराव या क्रमाने कर. स्वतःचा रिकामा सर्व्हर उघडून चीट्स (सरावासाठीच्या खास आज्ञा) चालू कर आणि ऑटो बनी हॉप लाव. उडी आपोआप लागेल आणि लक्ष फक्त माउसवर राहील. मग एका उडीत एकच वळण घे, पहिल्या उडीला डी आणि उजवीकडे, दुसरीला ए आणि डावीकडे. वळण साधारण 50 अंशांचं ठेव. माउसचं डीपीआय सेटिंग 800 आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी 1 असेल तर पूर्ण गिरकीला माउस सुमारे 52 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे 50 अंशांना सात सेंटिमीटर. टेबलावर खडूने सात सेंटिमीटरची रेघ मार. पाऊण सेकंदात हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला एकसारखा गेला पाहिजे. सुरुवातीला झटका आणि शेवटी थांबा, ही सवय लागली तर सोडवायला महिने जातात. कळ आणि माउस एकाच क्षणी बदलतात का, तेही बघ. माउस डावीकडे निघाला आणि बोट अजून डीवर असेल तर त्या वेळात फायदा शून्य. हे दहापैकी आठ वेळा जमू लागलं की ऑटो बंद कर आणि चाकावर ये. दोन्ही गोष्टी एकदम शिकायला घेतल्या तर चूक कशात झाली हेच कळत नाही.

एवढं लक्षात ठेव की नेहमीच्या मॅचमध्ये वेगाला वरून कात्री लागते आणि लागोपाठच्या उड्यांना दमाची वजावट असते. व्हिडिओतले अफाट वेग बहुतेक वेळा ती बंधनं काढलेल्या सर्व्हरवरचे असतात. मॅचमध्ये दोन-तीन नीट उड्या मिळाल्या तरी कोपरा गाठायला तेवढ्या पुरतात.

प्रश्न : कोपऱ्यावरून बाहेर येऊन पहिली गोळी मारतो, निशाणा डोक्यावर असतो, तरी गोळी बाजूला जाते. मित्र म्हणतात ‘काउंटर-स्ट्रेफ कर’. तेही करून पाहिलं, फरक नाही.
— नोकरदार वाचक, सुदामा नगर

उत्तर : तुमचा निशाणा बरोबर आहे, पाय थांबलेले नाहीत. काउंटर-स्ट्राइकमध्ये वेग त्या बंदुकीच्या कमाल वेगाच्या 34 टक्क्यांखाली आला की हालचालीमुळे होणारी गोळीची फाकाफाक जाते. एके-47 घेऊन कमाल वेग 215, म्हणजे 73 च्या खाली यायला हवं. कळ नुसती सोडली तर घर्षणाने तिथवर यायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. उलट दिशेची कळ टिचकीभर दाबली, म्हणजेच काउंटर-स्ट्रेफ केला, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ. समोरासमोरच्या चकमकीत एवढ्या फरकावर निकाल लागतो.

‘करून पाहिलं, फरक नाही’ याची कारणं सहसा तीनच असतात. डी सुटायच्या आत ए (डावीकडची कळ) दाबली जाते. दोन्ही कळा एकदम दाबलेल्या असल्या की त्या एकमेकींना खोडतात आणि तुम्ही नुसत्या घर्षणावर थांबता, म्हणजे जणू काहीच केलं नाही. दुसरं, ए फार वेळ धरली जाते आणि तुम्ही डावीकडे निघता, तोवर गोळी सुटते. तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं, गोळी घाईने टिचकीच्या आधीच सुटते.

रिकाम्या सर्व्हरवर भिंतीसमोर वीस पावलांवर उभे राहा. डी धरून चाला, डी सोडा, ए ला टिचकी, एक गोळी. मग उलट बाजूने. भिंतीवरची भोकं बघा: निशाण्याच्या जागीच एकावर एक पडली तर जमलं. विखुरली तर बोटं आणखी हळू चालवा, क्रम बसला की वेग आपोआप येतो. आणखी बारकाईने सांगायचं तर ज्या बोटाने डी सोडता ते पूर्ण उचललं गेलं का, हे एकदा मान खाली घालून प्रत्यक्ष बघा. अनेकांचं बोट कळेवर नुसतं विसावलेलं असतं आणि कळ अर्धी दबलेलीच राहते.

हे बसलं की कोपऱ्यावर हूल द्यायला शिका. खांद्याएवढं बाहेर, लगेच आत, गोळी न मारता. खो-खोत धावणारा जशी हूल देतो तसंच. समोरच्याची स्नायपरची गोळी वाया गेली की मग खरे बाहेर या. व्हॅलोरंट हा दुसरा शूटर खेळत असाल तर तिथे कळ सोडल्यावरच माणूस लवकर थांबतो, त्यामुळे उलट टिचकीची गरज कमी. पण थांबून मारण्याचा नियम तोच.

प्रश्न : माझा मुलगा रोज तासभर रिकाम्या नकाशात एकटाच उड्या मारत असतो. समोर शत्रू नाही, गुण नाहीत. हा खेळ तरी आहे का? आणि हल्ली मनगट दुखतं म्हणतो.
— एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, तो करतोय तो रियाज आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात हे वेगळं समजवायला नको: मेरुखंडाचे स्वरांचे क्रम घोटताना समोर श्रोते नसतात. गुण नसलेल्या जागी शिकणं हीच त्याची योग्य पद्धत आहे, मॅचमध्ये ही बोटं घडत नाहीत. फक्त सलग तासभर करू देऊ नका. वीस मिनिटांनंतर हात थकतो आणि थकलेला हात चुकीची हालचाल पक्की करतो. वीस मिनिटं, दहा मिनिटं उठून फिरणं, पुन्हा वीस, बस.

मनगटाचं मात्र मनावर घ्या. बहुतेक मुलं मनगट टेबलाच्या धारेवर टेकवून तेवढंच फिरवतात. मोठी वळणं कोपरापासून, आख्ख्या हाताने घ्यायची असतात. कोपर साधारण काटकोनात आणि टेबलाच्या उंचीला यायला हवं. खुर्ची बुटकी असेल तर खाली घडी घातलेली चादर द्या. एवढं करूनही दुखत राहिलं, किंवा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. त्या मुंग्या मनगटातली नस दबल्याचं लक्षण असू शकतं.

प्रश्न : ‘स्नॅप टॅप’ असलेला महागडा कीबोर्ड घेतला तर काउंटर-स्ट्रेफ आपोआप बसतो म्हणतात. घ्यावा का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजवाडा परिसर

उत्तर : त्यासाठी घेऊ नका. स्नॅप टॅप म्हणजे दोन उलट कळा एकदम दाबल्या तर शेवटची दाबलेलीच आपोआप धरण्याची सोय. ऑगस्ट 2024 पासून काउंटर-स्ट्राइक 2 च्या अधिकृत सर्व्हरवर ही सोय पकडली जाते आणि खेळाडूला मॅचमधून बाहेर काढलं जाऊ शकतं. एकाच कळेवर अनेक हालचाली बांधणंही तिथे बंद आहे. साधा मेकॅनिकल कीबोर्ड पुरतो. त्यातली कळ साधारण 2 मिलिमीटर खाली गेल्यावर नोंदते. स्वस्त मेंब्रेन कीबोर्ड असेल तर डब्ल्यू, ए, स्पेस आणि शिफ्ट एकदम दाबून चारही नोंदतात का तेवढं तपासा. काही कीबोर्ड तिसरी किंवा चौथी कळ गिळतात, आणि माणूस बोटांना दोष देत बसतो.

प्रश्न : एपेक्स लेजंड्समधला सुपरग्लाइड दोनशे वेळा करून पाहिला, चार वेळा लागला. मित्राच्या 60 हर्ट्झच्या लॅपटॉपवर मात्र जास्त वेळा लागतो. असं कसं?
— वाचक, तुकोगंज

उत्तर : असंच असतं. कठड्यावर चढण्याची हालचाल संपते त्या शेवटच्या क्षणी आधी उडी आणि बरोबर एका फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) बसण्याची कळ, एवढाच सुपरग्लाइड. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते, 144 असतील तर 6.9 ची. म्हणजे तुमच्या चांगल्या यंत्रावर दोन कळांमधलं अंतर निम्म्याहून कमी ठेवावं लागतं. शिकताना फायरिंग रेंजमध्ये फ्रेम 60 वर बांधून घ्या, क्रम हातात बसला की वर न्या.

चूक ओळखायची खूण आहे. नुसती साधी उडी लागली तर बसण्याची कळ उशिरा आली. उडी न लागता माणूस नुसता बसला तर ती आधी आली. दोन्ही कळा स्वतंत्रपणे दाबण्यापेक्षा अंगठा आणि दुसरं बोट तबल्यावरच्या ‘तिरकिट’सारखं एकापाठोपाठ पडू द्या. दोन वेगळे ठोके मोजायला गेलात तर 16 मिलिसेकंदांत ते होणार नाहीत. मॅक्रो (एका कळेवर अनेक कळांचा क्रम आपोआप चालवणं) लावू नका, ते नियमात बसत नाही.

आणि मनापासून सांगायचं तर आधी वॉल बाउन्स शिका, तो दर मॅचला उपयोगी पडतो. भिंतीकडे घसरत जा, भिंतीच्या अलीकडे उडी, अंग भिंतीला लागताच डब्ल्यू सोडून पुन्हा उडी. डब्ल्यू धरून ठेवलंत तर माणूस भिंतीवर चढायला लागतो. बहुतेक शिकणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

प्रश्न : आमच्याकडे फक्त फोन आहे. बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) उडी मारायला जातो तर माणूस कठड्यावर चढत बसतो.
— दहावीतले तिघे मित्र, पलासिया

उत्तर : सेटिंगमध्ये उडी आणि चढण यांची बटणं वेगळी करा. चढायचं बटण उडीपासून निदान अंगठ्याच्या रुंदीएवढं दूर ठेवा. मग दोन अंगठ्यांवरून चार बोटांवर या: डावी तर्जनी गोळीसाठी, उजवी स्कोपसाठी, अंगठे फक्त चालणं आणि बघणं. पहिला आठवडा तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळाल, तरी बटणांची जागा रोज बदलू नका. तिघांनी एकच मांडणी ठेवली तर एकमेकांच्या चुका पटकन दिसतील.