अंतराळवीराच्या पोशाखातला माणूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलीने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. रंगीत नक्षीच्या कापडाचा पोशाख आणि डोक्यावर काचेचा गोल घातलेला अंतराळवीर हत्तीच्या सोंडेजवळ उभा आहे. खाली ‘झांबियाचा अंतराळ कार्यक्रम, १९६४’ असे लिहिले होते. असा कार्यक्रम खरोखर होता का? आणि छायाचित्र रचलेले असेल, तर त्याला कला म्हणावे की फसवणूक? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कार्यक्रम खरोखर होता; छायाचित्र मात्र त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने काढलेले आहे. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाला. त्याच सुमारास एडवर्ड मकुका न्कोलोसो या विज्ञान शिकवणाऱ्या आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या गृहस्थांनी अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या आधी आपली माणसे चंद्रावर पोहोचतील, अशी घोषणा केली. राजधानी लुसाकाजवळ त्यांनी प्रशिक्षणही सुरू केले होते. उमेदवाराला तेलाच्या रिकाम्या पिंपात बसवून उतारावरून गडगडत सोडायचे. दोराला धरून झोका उंच गेला की वरून दोर कापायचा, म्हणजे खाली येताना क्षणभर वजन हरपल्याचा अनुभव येईल. या उमेदवारांत माथा म्वाम्बा नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. युनेस्कोकडे मागितलेले सत्तर लाख पौंड मिळाले नाहीत, सरकारनेही हा उपक्रम आपला मानला नाही आणि तो तिथेच विरला. परदेशी वार्ताहरांनी मात्र पिंपाचे चित्रण करून जगाला हसवले. न्कोलोसो हे सारे मनापासून करत होते, की दोन महासत्तांच्या शर्यतीची थट्टा करत होते, याविषयी आजही मतभेद आहेत. मला स्वतःला या दोन गोष्टी एका माणसात एकत्र नांदू शकतात असे वाटते, विशेषतः ज्याच्या देशाला नुकताच स्वतःचा झेंडा मिळाला आहे अशा माणसात.

आपण पाहिलेले छायाचित्र स्पेनच्या क्रिस्तिना दे मिदेल यांच्या ‘द अफ्रोनॉट्स’ या मालिकेतील आहे. अनेक वर्षे वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केल्यावर, वर्तमानपत्रात छापलेले छायाचित्र म्हणजे सत्य, या समजुतीबद्दल त्यांच्या मनात शंका निर्माण झाली आणि त्यातून ही मालिका आकाराला आली. न्कोलोसोंची हकिगत सांगण्यासाठी त्यांनी नवीच दृश्ये रचली. त्यांतील बरीच स्पेनमध्ये टिपली, आणि पोशाख शिवायला त्यांच्या आजीने हातभार लावला. पत्रे व रेखाटने यांसह ही छायाचित्रे त्यांनी २०१२ मध्ये स्वखर्चाने पुस्तकरूपात आणली. हजार प्रती पाहता पाहता संपल्या आणि पुढच्याच वर्षी डॉइचे बोर्से छायाचित्रण पारितोषिकाच्या अंतिम यादीत या कामाची निवड झाली.

आता फसवणुकीचा मुद्दा. दे मिदेल यांनी ही दृश्ये रचलेली असल्याचे कधीच लपवले नाही. आपल्या मुलीपर्यंत ते छायाचित्र पोहोचेपर्यंत त्यावरून कलावंताचे नाव गळून पडले होते आणि खाली एक ठाम सनावळी चिकटली होती. फसवणूक झाली ती तिथे, आणि ती पुढे पाठवणाऱ्यांनी केली. रचलेल्या छायाचित्राला माझी हरकत नाही. नाटकातला शिवाजी पाहताना आपण फसलो असे कुणी म्हणत नाही. माझी हरकत वेगळी आहे. या पुस्तकात झांबियाची खरी माणसे दिसत नाहीत. त्यांच्या जागी सुंदर, थोडी स्वप्नाळू पात्रे येतात, आणि आफ्रिकेकडे कौतुकाने हसत पाहण्याच्या युरोपीय सवयीपासून ही पात्रे पूर्णपणे सुटलेली नाहीत. न्कोलोसो आणि त्यांचे विद्यार्थी यांचे त्या काळी झालेले चलच्चित्रण उपलब्ध आहे. मुलीला ते आधी दाखवावे आणि मग पुस्तकातली छायाचित्रे, अशी माझी सूचना आहे. त्या चित्रणातील तरुणांचे गंभीर चेहरे पाहिल्यावर हत्तीजवळचा अंतराळवीर निराळा दिसू लागतो.

प्रश्न : चित्रकार आणि छायाचित्रकार अंतराळवीराला नेहमी शिरस्त्राणासह, चेहरा झाकूनच का दाखवतात? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : याचे मूळ बहुधा एका छायाचित्रात सापडेल. अपोलो ११ मोहिमेत, जुलै १९६९ मध्ये, नील आर्मस्ट्राँग यांनी बझ ऑल्ड्रिन यांचे चंद्रावर समोरून टिपलेले ते छायाचित्र जगभर सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. ते एकदा सावकाश, मोठे करून पाहावे. ऑल्ड्रिन यांचा डावा हात कोपरात वाकलेला आहे. प्रखर उन्हापासून डोळे वाचवण्यासाठी शिरस्त्राणाच्या काचेवर सोन्याचा पातळ थर होता, त्यामुळे चेहरा मुळीच दिसत नाही. दिसते ते त्या फुगीर काचेतले प्रतिबिंब : चांद्रयान, अमेरिकेचा ध्वज, ऑल्ड्रिन यांची लांबलेली सावली, आणि मधोमध लहानसे, पांढरे आर्मस्ट्राँग. चित्रभर पसरलेल्या बारीक काळ्या फुल्या कॅमेऱ्यातील काचेच्या पट्टीवर कोरलेल्या होत्या. त्यांच्या आधारे अंतरे मोजता येत. मूळ चित्रचौकटीत ऑल्ड्रिन यांच्या पाठीवरच्या संचाचा वरचा भाग कापला गेला होता, म्हणून प्रसिद्धीसाठी वर काळ्या आकाशाची पट्टी जोडण्यात आली. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँग यांच्याकडेच असल्याने चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या माणसाची तिथली चांगली स्थिरचित्रे जवळजवळ नाहीतच. ऑल्ड्रिन यांनी काढलेल्या एका चित्रात आर्मस्ट्राँग यानापाशी पाठमोरे काम करताना दिसतात.

म्हणजे विसाव्या शतकातील एका अत्यंत प्रसिद्ध व्यक्तिचित्रात ज्याचे चित्र आहे त्याचा चेहरा नाही आणि चित्र काढणारा मात्र हजर आहे. कलावंतांना ही मोकळी जागा मोहात पाडते, कारण त्या काचेमागे कोणालाही उभे करता येते. अपोलोच्या काळात चंद्रावर उतरलेले बाराही जण गोरे अमेरिकी पुरुष होते. पोशाखात कोण असू शकले असते, हा प्रश्न त्यामुळे आपोआप उभा राहतो.

तो सर्वांत नेमकेपणाने मांडला तो, माझ्या मते, यिंका शोनिबारे यांनी. लंडनमध्ये जन्मलेले आणि नायजेरियातील लागोसमध्ये वाढलेले हे कलावंत आपल्या ‘रेफ्युजी अॅस्ट्रोनॉट’ या शिल्पमालिकेत पुरुषभर उंचीचा अंतराळवीर उभा करतात. पाठीवर प्राणवायूच्या संचाऐवजी जाळीत बांधलेला संसार आहे. पोशाख आहे भडक नक्षीच्या ‘डच वॅक्स’ कापडाचा, आणि त्या कापडाचीही कहाणी आहे : इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल डच कारखान्यांनी केली, ती पश्चिम आफ्रिकेत खपली आणि पुढे आफ्रिकेची ओळख मानली गेली. हा अंतराळवीर नवे जग जिंकायला निघालेला नाही. राहण्याजोगी जमीन शोधत तो जड पावलांनी चालतो आहे. वसाहतींचा व्यापार आणि आजचे विस्थापन या दोन्ही गोष्टी एका पोशाखात इतक्या सहज बसवणे फार थोड्यांना जमते.

आपल्या देशातील उदाहरण हवे असेल, तर बंगळुरूच्या बादल नंजुंडस्वामी यांची सप्टेंबर २०१९ मधील चित्रफीत पाहावी. चांद्रयान-२ उतरणार होते त्या दिवसांत चंद्रावर चालावे तशी संथ पावले टाकणारा अंतराळवीर तीत दिसतो; मग बाजूने रिक्षा जाते आणि चंद्राचे विवर म्हणजे रस्त्यातले खड्डे होते, हे उमगते. महापालिकेने लगेच डागडुजी हाती घेतली.

प्रश्न : अंतराळात गेलेल्यांपैकी कोणी स्वतः चित्रकार आहे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : दोन नावे सांगतो. सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव यांनी १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडून पहिला अंतराळविहार केला आणि त्याच प्रवासात रंगीत पेन्सिलींनी कक्षेतून दिसणारा सूर्योदय रेखाटला. पेन्सिली तरंगत जाऊ नयेत म्हणून त्या दोऱ्यांनी बांधलेल्या होत्या. दुसरे अपोलो १२ चे अॅलन बीन. चंद्रावर चालणारे ते चौथे. १९८१ मध्ये नासा सोडून त्यांनी उरलेले आयुष्य चित्रकलेला दिले. आपल्या चित्रांच्या पृष्ठभागावर ते चंद्रावर वापरलेल्या हातोड्याचे आणि बुटाच्या तळव्याचे ठसे उठवत. त्यांच्या पोशाखावरील बिल्ल्यांना चंद्रावरची धूळ चिकटून राहिली होती. त्या बिल्ल्यांचे बारीक तुकडे ते रंगात मिसळत. रेखाटनाची आवड असेल, तर सुरुवात लिओनोव यांच्या सूर्योदयापासून करा. क्षितिजावरचे रंगांचे पट्टे त्यांनी कोणत्या क्रमाने लावले आहेत, ते पाहण्यासारखे आहे.