टक्के नंतर बघ, पट्टी कोण लिहितंय ते आधी बघ

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला आणि त्या कंपनीने पाठवलेली पीडीएफ पण वाचली. म्हणजे पुण्याचे लोक ॲप देणार, तुम्ही देवगडातल्या बागायतदारांचा हापूस आणि घरगुती राहायच्या खोल्या त्यावर चढवणार, 70 टक्के तुमचे 30 त्यांचे, आणि तीन वर्षं दुसऱ्या कुणाशी करार करायचा नाही. आणि तू विचारतेस, काका 70 टक्के चांगलेत ना? वाईट नाहीत गो. पण टक्क्यांवरून मी कुठलाही करार जोखत नाही, का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी अंधेरीत ज्या धंद्यात होतो त्याला व्हॅस म्हणायचे, मोबाईलवरच्या व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिसेस. तुझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट. 1 मे 2003 पासून इनकमिंग फ्री झालं आणि फोन रिक्षावाल्याच्या, मासे विकणाऱ्या बायकांच्या हातात आला, त्याच वर्षी रिलायन्सने आर वर्ल्ड नावाची फोनवरची सेवा आणली, मग बाकीच्यांनी आपापली वॅप पोर्टलं, म्हणजे साध्या फोनवर उघडणाऱ्या साइट, काढली. जीपीआरएसला, म्हणजे फोनवरच्या तेव्हाच्या संथ इंटरनेटला, बऱ्याच ठिकाणी 10 केबीला 10 पैसे पडायचे, स्क्रीन काडेपेटीएवढी, आणि त्यावर आम्ही रिंगटोन, क्रिकेटचा स्कोअर, भजनं, भविष्य असलं काय काय विकायचो. हसू नको, कॉलर ट्यूनचे महिन्याला 30 रुपये आणि गाण्याचे वेगळे 15 लोक बिनतक्रार द्यायचे. निदान सुरुवातीला.

पण पैसे आमच्याकडे यायचे नाहीत. ते ऑपरेटर, म्हणजे मोबाईल कंपनी, ग्राहकाच्या बॅलन्समधून कापायची. ऑपरेटर आपला मोठा हिस्सा ठेवणार, मधला ॲग्रीगेटर, म्हणजे आम्हाला ऑपरेटरशी जोडून देणारा, आपला ठेवणार, मग आम्ही, मग गाण्याचा मालक. आणि किती डाउनलोड झाले हे कोण सांगणार? ऑपरेटरच. महिन्याच्या शेवटी एक एक्सेल शीट यायची, एमआयएस म्हणायचे तिला, तिच्यात आकडा असायचा आणि खाली कपाती. तू बागायतदाराच्या घरातली आहेस म्हणून तुला एका वाक्यात कळेल, ती वाशीच्या दलालाची पट्टी होती, विक्रीच्या हिशोबाचा तो कागद. पेट्या तू पाठवायच्या, भाव तिकडे फुटणार, हमाली तोलाई, तेव्हा अडतसुद्धा, वजा होऊन जो आकडा येईल तो खरा, आणि आधी उचल घेतलेली असली की दुसऱ्याकडे माल पाठवायची सोय नाही. एका ऑपरेटरची शीट आणि आमच्या सर्व्हरचा हिशोब कधीच जुळला नाही, विचारलं तर म्हणायचे तुमचा लॉग आम्ही मानत नाही, करारात आमचाच लॉग ग्राह्य असं लिहिलंय. आणि लिहिलेलं होतंच.

आता याच्या उलट जपानची गोष्ट ऐक. एनटीटी डोकोमो या तिथल्या मोबाईल कंपनीने फेब्रुवारी 1999 मध्ये आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा काढली. साइटवाला ग्राहकाकडून महिन्याला 300 येनपर्यंत घेऊ शकायचा, डोकोमो ते फोनच्या बिलात वसूल करून द्यायचा आणि स्वतःला ठेवायचा फक्त 9 टक्के. 91 टक्के साइटवाल्याला! आमच्या ऑफिसात हे ऐकून लोकांना झीट यायची बाकी होती. दोन वर्षांत ग्राहक 2 कोटींच्या वर गेले. सगळे म्हणायचे जपानी लोक काय दिलदार. दिलदार बिलदार काही नाही. 128 बाइटच्या प्रत्येक पॅकेटला 0.3 येन डोकोमोला मिळत होते, ते पूर्ण त्याचे. जेवढ्या जास्त साइट, जेवढा जास्त वेळ लोक त्यात रमणार, तेवढी त्याची कमाई, म्हणून साइटवाला जगणं हे त्याच्याच फायद्याचं होतं. शिवाय ज्यांना त्याच्या मेन्यूत जागा मिळाली नाही तेही आपली साइट चालवू शकायचे, दरवाजा बंद नव्हता. आपल्याकडे डेटातून तेव्हा फारसं काही सुटत नव्हतं, म्हणून ऑपरेटरला कमाई दिसायची ती कंटेंटमध्येच, मग तो त्याच्यावरच हात मारणार. म्हणून त्या पुण्याच्या लोकांना पहिला प्रश्न हा विचार की तुमच्या 30 टक्क्यांशिवाय तुम्ही अजून कुठून कमावता. डिलिव्हरीतून? जाहिरातीतून? की गुंतवणूकदाराला ग्राहकांचा आकडा दाखवून? उत्तरावरून कळेल की तुझा धंदा वाढण्यात त्यांचा स्वार्थ आहे की तुला पिळण्यात.

दुसरं, ग्राहकाचा नंबर. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. ज्याने पेटी घेतली त्याचं नाव, पत्ता, फोन तुला मिळणार आहे का? मी दोनदा वाचलं, पीडीएफमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. आमच्याकडे लाखो लोक गाणी घ्यायचे आणि त्यातल्या एकालाही आम्ही ओळखत नव्हतो. पुढे न मागता सर्व्हिस चालू करून पैसे कापायचे प्रकार इतके झाले की 2013 मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, सांगितलं, ग्राहकाकडून दोनदा होकार घेतल्याशिवाय काहीही चालू करायचं नाही. चांगलंच केलं. पण ज्या छोट्या कंपन्यांचा सगळा डोलारा ऑपरेटरच्या बिलावर होता त्या बसल्या त्या बसल्याच, कारण जाऊन कुणाला विचारणार की बाबा तुला आमचं भजन हवंय का, नंबरच नाही.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रातच वेगळे प्रयोग पण झाले. 2007 मध्ये रॉयटर्सने मार्केट लाइट काढलं, शेतकऱ्याला बाजारभाव आणि हवामान मराठीत एसएमएसवर. नोकियाने लाइफ टूल्स या तसल्याच सेवेची चाचणी पण महाराष्ट्रातच घेतली, 2009 मध्ये बाजारात आणलं, पण ते नोकियाच्याच हँडसेटवर चालायचं. मार्केट लाइटचं मला आवडायचं ते हे की फोन कुठलाही असो, शेतकरी स्वतःहून पैसे भरून ते घ्यायचा, म्हणजे शेतकरी त्यांचा ग्राहक होता, ऑपरेटरचा नाही. आणि एक गंमत सांगतो, इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात आणि देवनागरीत 70, म्हणजे तोच कांद्याचा भाव मराठीत सांगायला दुप्पट मेसेज. वर अर्ध्या हँडसेटवर अक्षरांच्या जागी चौकोनच दिसायचे. ज्यांनी त्या चौकोनांचं काम अंगावर घेतलं, फॉन्ट, टेस्टिंग, प्रत्येक मॉडेलवर चालवून बघणं, त्यांना काम कधी कमी पडलं नाही. चकचकीत कामाच्या मागे सगळे असतात. तुमच्या बाबतीत ते चौकोनांचं काम म्हणजे पॅकिंग, रेल्वे आणि कुरियर, आणि साक्याच्या, म्हणजे आतून बिघडलेल्या आंब्याच्या, तक्रारी. ते तुम्हाला येतं आणि त्यांना येत नाही, हे वाटाघाटीत तोंडाने बोलून दाखव.

साक्यावरून आठवलं, रिफंड कोणाच्या खिशातून? पीडीएफमध्ये लिहिलंय की ग्राहकाची तक्रार आली की रक्कम पार्टनरच्या हिश्शातून वजा. पार्टनर म्हणजे तू. आंबा कापल्याशिवाय साका दिसत नाही आणि बांद्र्याच्या ग्राहकाने फोटो टाकला की खरं खोटं करायला तू तिथे नाहीस. तेव्हा एकतर रिफंड दोघांच्या हिश्शातून, नाहीतर त्याला टक्क्यांची वरची मर्यादा. आणि पेमेंट 90 दिवसांनी हे तर अजिबात नको. मे महिन्यातल्या पेटीचे पैसे ऑगस्टात आले तर बागेतल्या नेपाळी गड्यांचा हिशोब पावसाआधी कोण भागवणार, तुझे बाबाच ना? आता यूपीआय आहे, पैसे थेट तुमच्या खात्यात येऊ देत आणि तुम्ही त्यांना 30 पाठवा. ते नाही म्हणाले तर निदान 7 दिवस, आणि ऑर्डरची यादी रोजच्या रोज, महिन्याच्या शेवटी नाही.

तीन वर्षांची अट काढून टाकायला सांग. नाही ऐकलं तर एक हंगाम, तोही फक्त आंब्यापुरता, खोल्या त्यात गुंतवायच्या नाहीत, आणि त्यांनी ठरलेल्या इतक्या पेट्या विकल्या नाहीत तर अट आपोआप रद्द. यावर ते नाराज होतील, होऊ देत, नाराज माणूस पुन्हा फोन करतो. आणि तुझ्या आतेभावाबरोबरची भागीदारी आहे ती पण कागदावर आण, आत्ताच, पैसे यायच्या आधी. डोमेन कुणाच्या नावावर, व्हॉट्सॲपचा नंबर कुणाच्या सिमवर एवढं जरी लिहिलंत तरी खूप झालं. आतेला वाईट वाटेल म्हणून टाळू नको, तिच्याशी मी बोलतो.

गुरुवारी मी कणकवलीला बँकेत येणार आहे. तू येताना कराराची प्रिंट काढून आण, मोबाईलवर एवढं बारीक मला आता वाचवत नाही, आणि पेन्सिल पण आण.

तुझा,
काका