बाबांचं तोंड दोनच बोटं उघडते

प्रश्न : डॉक्टर ताई, बाबा पंचवीस वर्षांपासून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात. आता तोंड दोनच बोटं उघडते, तिखट लागलं का डोळ्यातून पाणी येते, गालात आतून पांढरा चट्टा दिसतो. शेजारचे काका म्हणतात तपासायला तुकडा काढला का कॅन्सर भडकते. आणि आजोबांनी तर मरेपर्यंत तंबाखू खाल्ला, त्यायले काहीच झालं नाही! एका ताटात जेवलं तर आम्हाले लागते का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, शेवटचं आधी सांगते, लागत नाही. बाबांचं ताट वेगळं काढू नका, त्यानंच माणूस अर्धा खचतो.

कॅन्सर म्हणजे बाहेरून आलेला किडा नाही, आपल्याच पेशी असतात. तोंडातली आतली कातडी सारखी झिजते अन् नवी येते, आणि दर वेळी पेशीला डीएनएची, म्हणजे तिच्यातल्या सूचनांच्या पोथीची, नक्कल उतरवावी लागते, त्या पोथीच्या एका संचातच सुमारे 300 कोटी अक्षरं, मग चुका होणारच. त्या बहुतेक दुरुस्तही होतात, कारण पी53 सारखी जीन्स, म्हणजे डीएनएमधले सूचनांचे तुकडे, वावरात जागली करावी तशी राखण करतात, पेशी फारच बिघडली तर तिला मरायला लावतात. पण खर्रा गालात तासन् तास दाबून ठेवला की तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची विषारी रसायनं त्याच जागच्या डीएनएला चिकटतात, चुका वाढतात, आणि एक दिवस राखण करणारं जीनच बिघडते. मग ती पेशी वाढतच जाते. याला वर्षं लागतात.

खर्र्यातली सुपारीही साधी नाही, तिच्यानं गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, म्हणून तोंड उघडत नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2004 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं.

आजोबांचं म्हणशील तर गारपिटीत एखादं वावर वाचते, म्हणून गारपीट खोटी ठरत नाही.

आणि तुकडा काढल्यानं कॅन्सर भडकत नाही गं, हे ऐकून घरी बसलेले पेशंट दोन वर्षांनी गाठ घेऊन येतात तेव्हा फार जीव तुटतो. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. ताठ झालेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होणं कठीण, तरी खर्रा आजच बंद करा, 1800-112-356 वर फोन केला तर तंबाखू सोडायला फुकट मदत मिळते. याच आठवड्यात जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा नागपूरच्या सरकारी डेंटलला न्या. दिवसाला खर्र्याच्या किती पन्न्या लागायच्या ते बाबांना डॉक्टरांना स्वतः खरंखरं सांगू द्या, कमी करून सांगू नका.