टेक्सासला निघण्याआधी मुलांच्या शाळेचे कागद

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात तुम्ही डॅलसकडे निघताय, म्हणून शाळेबद्दल लिहितो. तिकडच्या सरकारी शाळेला फी नाही, देणगी नाही, वशिलाही लागत नाही. व्हिसा कोणता, यावरून तर मुलाला नाकारताच येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली तसा निकाल दिला आहे, आणि तो खटला टेक्सासचाच होता. सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा तिकडचा सरकारी क्रमांक) नसला तरीही प्रवेश होतो. लोक अडकतात ते लसीच्या कार्डावर, आणि ते कार्ड नीट करण्याची जागा जळगावच आहे.

आपल्या सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यात एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस टोचतात. टेक्सासला पहिल्या वाढदिवसाआधीचा हा डोस चालत नाही (चार दिवसांची सूट आहे, त्याहून जास्त नाही). शिवाय एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते. त्यांना एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला या तिन्हींच्या एकत्र लसीचे, दोन डोस हवेत. कांजिण्या आणि हिपॅटायटिस-ए यांचेही दोन-दोन डोस मागतात. सरकारी वेळापत्रकात या दोन्ही लसी नाहीत. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे टोचलं असेल तर यातलं बरंच झालेलं असतं, पण गृहीत धरू नकोस, कार्ड काढून तारखा पाहा.

पोलिओचं आणखी वेगळं आहे. एप्रिल २०१६ नंतर आपल्याकडच्या थेंबांतून एक प्रकार वगळला, म्हणून त्यानंतरचे थेंब अमेरिकेत मोजत नाहीत. पल्स पोलिओच्या रविवारी बोटाला कितीही वेळा शाई लागली असली तरी उपयोग नाही. तिथे पोलिओचं इंजेक्शनच लागतं.

यांत अंतर पाळावं लागतं. एमएमआरच्या दोन डोसांत किमान २८ दिवस, कांजिण्यांच्या दोन डोसांत तीन महिने, हिपॅटायटिस-एच्या दोन डोसांत सहा महिने. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्यावी, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडावेत. म्हणजे विमानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. निदान तीन-चार महिने आधी डॉक्टरांना गाठ. हिपॅटायटिसचा दुसरा डोस तिकडे घेतला तरी चालतो.

सगळ्या लसी डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून घे आणि तारखेत महिना अक्षरात लिहायला सांग. ०५/०८ म्हणजे आपल्याकडे पाच ऑगस्ट, तिकडे आठ मे. एवढ्यावरून डोस 'लवकर दिला' म्हणून बाद होतो आणि लेकराला पुन्हा सुई बसते.

जन्माचा दाखला पासपोर्टसाठी काढलेलाच असेल. जादा प्रत हवी असेल तर लक्षात ठेव, बाळंतपण माहेरी चोपड्याला झालं असेल तर दाखला चोपड्याचाच मिळतो, सासरच्या ग्रामपंचायतीत शोधून सापडत नाही. शाळेकडून सोडल्याचा दाखला आणि दोन्ही वर्षांची प्रगतिपुस्तकं घे. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत ठेव. स्पेलिंग मात्र सगळीकडे पासपोर्टसारखंच हवं. अपोस्टिलवर (परदेशासाठी कागदावर मारून घ्यायचा सरकारी शिक्का) पैसे घालू नकोस, प्राथमिकच्या प्रवेशाला ते लागत नाही.

घर घेण्याआधी पत्ता तपासा. शाळा शहराची नसते, आयएसडीची असते, म्हणजे त्या भागाच्या शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र मंडळाची. एकट्या फ्रिस्को शहराचे भाग चार वेगवेगळ्या आयएसडींत मोडतात. आयएसडीच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकला की शाळा कळते. मग भाडेकरार आणि लाईट बिल आईबापांपैकी एकाच्या नावावर हवं. सुरुवातीला नातेवाइकांकडे राहणार असाल तर त्यांचं बिल आणि 'हे आमच्याकडे राहतात' असं नोटरी केलेलं पत्र मागतात. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते, जुलैत पोहोचलात तर बरं.

थोरल्याचा जन्म नोव्हेंबरचा. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं, तिकडे १ सप्टेंबरला सहा पूर्ण लागतात. त्यामुळे इथे दुसरी झालेला पोरगा तिकडे पुन्हा दुसरीतच बसेल. सासूबाई 'पोराचं वर्ष वाया गेलं' म्हणतील. भांडू नका, मला तर ते बरंच वाटतं. अभ्यास ओळखीचा असला की त्याला नुसत्या भाषेकडे लक्ष देता येतं.

प्रवेशाच्या अर्जात घरची भाषा विचारतात. तिथे बरेच आपले लोक 'इंग्रजी' लिहितात, मुलावर शिक्का बसेल या भीतीने. तू अहिराणी-मराठी आहे तसंच लिही. त्यानंतर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, चार आठवड्यांत निर्णय येतो, आणि जादा मदतीच्या वर्गात घालायला तुझी संमती लागते. खोटं लिहिलंस तर ती मदतही जाते, आणि धाकटीचा फायदाही. १ सप्टेंबरला चार पूर्ण झालेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलाला टेक्सासमध्ये प्री-के, म्हणजे बालवाडीसारखा वर्ग, फुकट आहे. सगळ्याच शाळांत तो वर्ग नसतो, म्हणून थोरल्याचा अर्ज भरतानाच आयएसडीच्या कार्यालयात धाकटीचं विचारून घे.